कुमार कादंबरीत सावरण्याचं प्रतीक कसं बांधावं

आघातानंतर सावरणाऱ्या मुलामुलींची गोष्ट लिहिताना प्रतीक लागतंच. तेरा वर्षांचं पोर 'मला अपराधी वाटतंय' असं बोलून दाखवत नाही. ते ताट सरकवतं, मैत्रिणीचा फोन उचलत नाही, विनाकारण धाकट्या भावावर खेकसतं. आतलं बाहेर आणायला लेखकाला एखादी वस्तू हाताशी लागते आणि घोटाळा होतो तो ती वस्तू निवडताना. शेवटच्या प्रकरणात फुलपाखरू येतं, सुकलेल्या कुंडीत कोंब फुटतो, नाहीतर पाऊस पडतो आणि सगळं धुऊन निघतं. कोल्हापूरच्या पुरावर लिहिलेल्या गोष्टीत पावसानं सगळं धुऊन निघत असेल, तर लिहिणाऱ्यानं पुरानंतरचं घर पाहिलेलं नाही. पाणी ओसरल्यावर भिंतीवर रेषा राहते, कपाटाची फळी फुगते आणि महिनाभर वास जात नाही.

प्रतीक कसं निवडायचं, कुठे ठेवायचं आणि कुठे हात आखडायचा, हे एकाच उदाहरणावर दाखवलेलं बरं. धरून चला: १२ ते १६ वयाच्या वाचकांसाठी ३५ ते ४० हजार शब्दांची कादंबरी. गाव पंचगंगेकाठचं, प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीसारखं. काळ ऑगस्ट २०१९ ते जुलै २०२१. नायिका सानिका, सुरुवातीला आठवीत. घरी आई-बाप, आज्जी, दोन म्हशी, एक रेडकू आणि दीड एकर ऊस.

आधी जखम एका वाक्यात लिहा

'पुराचा आघात' ही जखम नव्हे, ती बातमी आहे. जखम म्हणजे एका मिनिटात घडलेली किंवा न घडलेली एक कृती. सानिकाची अशी: गोठ्यात पाणी मांडीपर्यंत आलेलं असताना रेडकाच्या दाव्याची गाठ तिला सुटली नाही, आणि बोटीतून हाक आली म्हणून ती निघून गेली.

आता या वाक्याला दोन गोष्टी जोडा. पहिली, ती गाठ तिनंच मारली होती. रेडकू रात्री सुटून म्हशीला पीत होतं, सकाळी दूध कमी यायचं, सानिकाला बोलणी बसायची. म्हणून तिनं खुंट्याला सुरगाठीऐवजी निरगाठ मारली. दुसरी गोष्ट तिला छावणीत तिसऱ्या दिवशी आठवते: गोठ्याच्या भिंतीला विळा अडकवलेला होता.

इतकं बारीक केलं की अपराधाची भावना कुठून येते हे सांगावं लागत नाही. मुलीनं शहाणपणानं केलेली गोष्टच उलटली. वाचकाला तिची चूक नाही हे कळतं आणि तिला ते का पटत नाही हेही कळतं. या दोन कळण्यांमधल्या अंतरावर अख्खी कादंबरी उभी राहते. जखमेचं वाक्य लिहिताना त्यात 'सगळं', 'कायमचं', 'उद्ध्वस्त' असे शब्द आले तर समजा, अजून मिनिट सापडलेलं नाही.

स्थळकाळाचे तपशील इथेच पक्के करून घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. या पुराचा स्वभाव ओळखा. तो लाटेसारखा अंगावर येत नाही, इंचाइंचानं चढतो. '२००५ ला इथवर आलं नव्हतं' या भरवशावर माणसं थांबून राहतात. धडकी भरवणाऱ्या लाटेचं वर्णन केलंत तर गावातलं पोर पहिल्याच प्रकरणात पुस्तक ठेवून देईल.

प्रतीक त्या मिनिटातच पडलेलं असतं

ते बाहेरून आणू नका. त्या मिनिटात सानिकाच्या आसपास जे जे होतं त्याची यादी करा: दावं, खुंटा, गाठ, विळा, गव्हाण, पाण्यावर तरंगणारी वैरण, बोटीचं इंजिन, डिझेलचा वास, ओला परकर. पंधरावीस गोष्टी निघतात. प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. ही वस्तू पुढच्या दोन वर्षांत तिच्या हातात वारंवार येईल का? तिच्याशी काहीतरी करावं लागतं का, की नुसती बघायची? ते करताना चुकू शकतं का?

बोटीचं इंजिन पहिल्याच प्रश्नाला गळतं. भिंतीवरची पाण्याची रेषा दुसऱ्याला गळते, ती फक्त दिसते. (ती ठेवा, पण पार्श्वभूमीला.) गाठ तिन्हीतून पार पडते. शिवाय ती गोठ्यापुरती राहत नाही. शाळेच्या वेणीची रिबीन, बुटाची नाडी, डब्याचं फडकं, उसाची मोळी, सगळीकडे गाठ आहे. टाळायचं ठरवलं तरी तिला ती टाळता येणार नाही.

हे महत्त्वाचं का, तर आघाताची लक्षणं चार गटांत येतात: प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मत काळवंडणं, आणि सतत सावध, दचकलेलं राहणं. ती महिन्याच्या पुढे टिकून रोजच्या जगण्यात आडवी यायला लागली की तज्ज्ञ निदानाचा विचार करतात. लेखकानं निदान करायचं नाही. मात्र निवडलेली वस्तू या चारही वागण्यांना वाव देते का, हे तपासायचं. गाठ देते: स्वप्नात ती सुटत नाही, शाळेत सानिका रिबीन टाळते, 'माझ्या हातात काय टिकत न्हाई' म्हणते, रात्री तीनदा उठून खुंटे बघते. फुलपाखरू यातलं एकही काम करू शकत नाही.

वस्तूचं काम शिकल्याशिवाय लिहू नका

दाव्याचा फूटभर तुकडा घ्या आणि दोन्ही गाठी मारून बघा. निरगाठ दोन्ही टोकं आरपार ओढून घट्ट बसते. जनावरानं हिसका दिला की आणखी आवळते. सुरगाठीत शेवटचं टोक पूर्ण ओढून न घेता त्याचा फास ठेवतात, म्हणजे मोकळं टोक एका हातानं ओढलं की गाठ उलगडते.

आता गोठ्यातली खरी गोष्ट, जी टेबलाशी बसून सुचत नाही. जनावराला दोन जागी गाठ असते. खुंट्याकडची गाठ झटक्यात सुटायला हवी. गळ्यातली गाठ कधीच सरकता कामा नये, सरकली तर फास बसून जनावर गुदमरतं. म्हणजे सुटणारी चांगली आणि न सुटणारी वाईट असं नाही. एकाच दाव्याला दोन्ही लागतात, आपापल्या जागी. सानिकाची चूक 'घट्ट बांधलं' ही नव्हती, घट्ट गाठ चुकीच्या टोकाला होती इतकंच. हा अर्थ कुठल्याही लेखकानं बसून रचलेला नाही, तो दाव्यातच होता. वस्तूचं काम नीट शिकलात तर ती तुम्हाला असं काहीतरी देते, आणि तेच कादंबरीचं मर्म ठरतं.

दावं कशाचं हेही ठरवा. सुताचं किंवा वाखाचं दावं भिजून फुगतं आणि गाठ दगडासारखी होते. नायलॉनचं फुगत नाही, पण रेडकाच्या ओढीनं गाठ आवळते आणि ओल्या बोटांत दोरी घसरते. दोन्ही चालतील. एकदा सुताचं, एकदा नायलॉनचं, असं चालणार नाही.

सात ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी हात वेगळा

चाळीस हजार शब्दांत मुख्य प्रतीक सहा ते आठ वेळा पुरे. बारा वेळा आलं की वाचक मोजायला लागतो. वहीत प्रत्येक ठिकाणापुढे एकच नोंद करा: या वेळी तिचे हात काय करतात. भावना लिहू नका.

पहिलं ठिकाण पुराच्या आधी, अगदी किरकोळ. सानिका निरगाठ मारते, आज्जी 'सुटायची न्हाई बघ आता' म्हणून हसते. या ठिकाणी वाचकाला काहीही जाणवता कामा नये. नंतर मागे वळून पाहिल्यावरच हे वाक्य बोचायला हवं.

दुसरं पुरातलं. लहान ठेवा, एक पान.

तिसरं, शाळा पुन्हा सुरू होते. दोन वेण्या आणि रिबीन असा नियम. सानिका रबर लावून जाते, बाई वर्गाबाहेर उभं करतात. ती कारण सांगत नाही, कारण तिलाही ते माहीत नाही. टाळणं हे असं आडवाटेनं दाखवावं. ती दाव्याकडे बघून रडली तर सरळ होईल, आणि सरळ झालं की खोटं वाटेल.

चौथं तोडणीच्या हंगामात. बीडकडून टोळी आली आहे. त्यात सानिकाच्या वयाची एक मुलगी वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, पिळून मोळीला भराभर बंध घालते. सानिका तिच्याशेजारी बसून तसा बंध घालायला शिकते. इथे जपा. तोडणीवाल्याची पोर ही सानिकाला बरं करायला आणलेलं साधन नव्हे. तिची शाळा सहा महिने बुडते आहे, तिचं स्वतःचं काही मागणं असलं पाहिजे, आणि त्यातलं एखादं तरी सानिकाला पुरवता आलं पाहिजे. नाहीतर एका मुलीच्या सावरण्यासाठी दुसरीची फरफट वापरल्यासारखं होतं.

पाचवं टाळेबंदीतलं, मार्च २०२० नंतरचं. इथे फारसं काही घडवू नका. बंद घरात ती जुन्या दोरीचे पेड सोडवत बसते, एवढंच. काळ २०१९ चा धरलात की २०२० चुकवता येत नाही. पण दोन संकटांची टक्कर लावायचं कारण नाही.

सहावं ठिकाण माघारीचं, आणि त्याला सगळ्यात जास्त पानं द्या. जून २०२०, रात्रभर पाऊस. सानिका मोबाईलवर पातळी बघते, २२ फूट. तासाभरानं पुन्हा. पहाटे ती गोठ्यात जाऊन सगळी जनावरं सोडून देते. म्हशी शेजारच्या कोवळ्या भुईमुगात शिरतात. सकाळी भांडण, नुकसानभरपाई, बापाचा आवाज चढलेला. माघारीची किंमत कुणालातरी मोजावी लागते, तेव्हाच ती खरी वाटते. कित्येक हस्तलिखितांत माघार म्हणजे एक रडण्याची रात्र असते आणि सकाळी सगळं पूर्ववत. तसं नको. आघाताच्या मोसमात, त्याच वासाला, त्याच आवाजाला शरीर आधी उठतं आणि विचार मागून येतो. वर्ष होत आल्यावरही असं होणं म्हणजे ती मागे पडली असं नव्हे.

सातवं जुलै २०२१. पाणी पुन्हा चढतंय. हा प्रसंग जवळून बघू. आधी कच्चा खर्डा:

'सानिकानं गाठीचं टोक ओढलं आणि गाठ अलगद सुटली. जणू तिच्या मनातली गाठच सुटली होती. दोन वर्षांचं ओझं उतरलं. तिला मोकळं वाटलं.'

पहिलं वाक्य ठेवा, बाकीची तिन्ही काढा. 'मनातली गाठ' हा भाषेतला तयार माल आहे. वाचकाच्या तो जिभेवर असतो, म्हणूनच तुम्ही उच्चारायचा नसतो. आता सुधारलेला खर्डा:

'सानिकानं खुंट्याशी उकिडवं बसून टोक ओढलं. गाठ सुटली. तिनं परत बांधली. मग पुढच्या खुंट्याशी गेली.

"कितींदा बघणार हाईस?" आज्जी म्हणाली.

"तीन हाईत. एकेकदा बघतो."

"आणि विळा? पिशवीत घातलास?"

"नको. भितीलाच ऱ्हाऊ दे. दिसाय पायजे."

तिनं म्हशीच्या गळ्यात दोन बोटं घालून तिथली गाठ चाचपली. ती घट्ट होती. तशीच ठेवली.'

'एकेकदा बघतो' याकडे लक्ष द्या. कोल्हापुरात पोरी स्वतःबद्दल बोलताना 'मी बघतो, मी जातो' असंच म्हणतात. मुद्रितशोधनात कुणी ते 'बघते' करू पाहील, करू देऊ नका. आणि आकड्याकडे बघा. पूर्वी ती रात्री तीनदा उठून खुंटे बघायची, आता एकेकदा. भीती गेलेली नाही, तिचं काम ठरलंय. सावरणं कुमार वाचकाला दाखवायचं ते असं, वारंवारता कमी झाल्यानं. भीती पूर्ण नाहीशी झालेली दाखवलीत तर ज्याची भीती अजून गेलेली नाही त्या वाचकाला आपल्यातच खोट आहे असं वाटेल. आणि तो वाचक नक्की असतो. ही कादंबरी तो स्वतःसाठीच उघडतो.

वाढीसाठी दुसरं प्रतीक: खोडवा

गाठ जखमेशी बांधलेली आहे. वाढीसाठी वेगळी गोष्ट हवी, जी स्वतःच्या गतीनं चालते आणि सानिकाच्या मनाची वाट बघत नाही. उसाच्या पट्ट्यात ती शोधायला लांब जावं लागत नाही.

पुराचं पाणी शेंड्यावरून बरेच दिवस राहिलं की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ जातो, शेंडा कुजतो. मग कांड्यांवरचे डोळे बाजूनं फुटतात. त्यांना पांगशा म्हणतात. लांबून फड हिरवागार दिसतो, पण त्या पांगशा उसातली साखर खाऊन वाढलेल्या असतात, साखरेचा उतारा घसरतो. पुरानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांची सानिका अशीच दाखवता येईल: छावणीत सगळ्यांना चहा वाटणारी, लहान पोरांना गोष्टी सांगणारी, 'किती धीराची पोर' म्हणून शाबासकी मिळवणारी. त्याच प्रकरणात बाप शेताच्या बांधावर उभा राहून 'हिरवं दिसतंय, पर खरं न्हाई' एवढंच उसाबद्दल म्हणू दे. सानिकाशी त्याचा संबंध तुम्ही जोडू नका, वाचक जोडेल.

मुळं जिवंत असतील तर तोडणीनंतर खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवता येतो. इथे कृती नेमकी लिहा, कारण अर्थ कृतीतच आहे. १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच खोडवा ठेवावा अशी शिफारस असते. पाचट जाळायचं नाही, सरीत पसरायचं. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे. उंच ठेवले तर वरचे डोळे फुटतात, त्यांची मुळं उथळ राहतात आणि फुटवे कमजोर निघतात. जमिनीलगत छाटले की मातीखालचे डोळे जोरात येतात. जिथे काहीच उगवलं नाही तिथे नांग्या भरतात, म्हणजे रोपं आणून रिकामी जागा लावतात. अकरा-बारा महिन्यांत खोडवा तोडणीला येतो, पुढच्या वर्षी त्याच बुडख्यांचा निडवा ठेवता येतो.

या वेळापत्रकानं कादंबरीला कणा मिळतो. डिसेंबर २०१९ तोडणी, वर्षभरानं खोडव्याची तोडणी, जुलै २०२१ ला शेतात निडवा आणि पुन्हा पाणी. एक प्रकरण नांग्या भरण्याला द्याच. लावलेलं रोप शेजारच्या जुन्या बुडख्याच्या फुटव्याएवढं कधी होत नाही, ओळीत फरक दिसत राहतो. रेडकू गेलं त्या जागी वर्षानं दुसरं रेडकू येतं तेव्हा हेच दिसायला हवं. ते पहिल्याच्या जागी येत नाही, रिकाम्या जागी येतं.

सावरण्याची आणि वाढीची प्रतीकं वेगळी ठेवण्यामागे कारण आहे. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये आघातोत्तर वाढ मोजायला २१ विधानांची प्रश्नावली मांडली. त्यात वाढीची पाच क्षेत्रं आहेत: इतरांशी नातं, नव्या शक्यता, स्वतःचं बळ, आध्यात्मिक बदल आणि जगण्याची किंमत कळणं. त्यांचं म्हणणं नेमकं आहे: वाढ आघातामुळे होत नाही, आघाताशी झुंजताना होते, आणि ती होत असतानाही वेदना सोबत असू शकते. म्हणून खोडवा चांगला आला तरी जूनमध्ये सानिका जनावरं सोडतेच. दोन्ही घड्याळं वेगवेगळी चालू द्या. पाचही क्षेत्रं एका कादंबरीत कोंबू नका. सानिकाला दोन पुरेत, नातं आणि स्वतःचं बळ.

म्हणीपासून सावध

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आपल्या कानांत इतकी मुरलेली आहे की लिहिताना ती आपोआप रचनेत उतरते. परीक्षेच्या कष्टाला ती ठीक. आघाताच्या गोष्टीत ती घातक आहे, कारण ती घाव घालणाऱ्याला मूर्तिकार करते. ज्या मुलाला घरात मार बसतो त्याला आपण सांगतो की हा मार तुला घडवतोय. 'सोनं आगीतून', 'चंदन झिजून' ही त्याच कुळातली. तुमच्या प्रतीकातून 'बरं झालं घडलं ते' असा अर्थ निघतो का, हे शेवटी एकदा तपासा. निघत असेल तर प्रतीक बदला, कितीही देखणं असलं तरी.

लैंगिक अत्याचाराच्या गोष्टीत याहून कडक नियम लागतो. मराठीत अब्रूला काचेचं भांडं म्हणतात, मुलीला कळी म्हणतात, बदनामीला डाग म्हणतात. त्यामुळे तडा गेलेलं भांडं सोन्यानं सांधायची जपानी कल्पना, जी हल्ली पुष्कळ वापरली जाते, मराठीत आली की वेगळंच बोलायला लागते: पोर 'फुटली' होती हे आधी मान्य करते. भांडं, आरसा, फूल, पांढरा कपडा, चौघांनाही बाहेर ठेवा. त्याऐवजी ताबा दाखवणाऱ्या वस्तू घ्या: आतून लागणारी कडी, स्वतःची किल्ली, सायकलचा ब्रेक. मुलगी कडी आतून लावते, आणि पुढे एक दिवस स्वतःहून उघडी ठेवते. निर्णय दोन्ही वेळा तिचा. गोष्ट खऱ्या घटनेवरून सुचली असेल तर गाव, शाळा, घराची ठेवण, नातेवाइकांचे व्यवसाय इतके बदला की मूळ मूल ओळखू येणार नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार माध्यमांतून पीडित बालकाची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

कोल्हापुरातलं आणखी थोडं सामान

तालमीतली माती चांगली चालते. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली लाल माती रोज उकरली नाही तर घट्ट होते आणि पडणारा पैलवान दुखावतो. बाप गेलेल्या पोराला वस्ताद पहिला महिनाभर कुस्ती न देता फक्त हौदा उकरायला लावतो, एवढ्यावर अर्धी गोष्ट उभी राहते. पडायची जागा आधी मऊ करायची. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले, त्यातला पहिला टप्पा सुरक्षिततेचा आहे: आधी सुरक्षित वाटणं, मग आठवून शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. लेखक बहुधा थेट दुसऱ्यापासून सुरू करतात, मूल पहिल्याच समुपदेशनात सगळं सांगून टाकतं. ते फार लवकर होतं.

भिजलेली कोल्हापुरी चप्पल घाईनं उन्हात ठेवली तर चामडं कडक होऊन तडकतं. सावलीत वाळवून तेल द्यावं लागतं. घाई करणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल काही म्हणायचं असेल तर ही वस्तू घ्या. अंबाबाईच्या किरणोत्सवाचा मोह अनेकांना होतो: नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखापर्यंत पोचतात. टप्प्याटप्प्याचा उजेड म्हणून सुंदर आहे, पण पात्राच्या हातात त्यात काहीच नाही. घ्यायचाच तर ढगांमुळे किरण मध्येच विरतात तो दिवस घ्या.

छाटणी

खर्डा झाला की 'जणू', 'जसं काही', 'आता तिला कळलं', 'नव्यानं', 'पुन्हा एकदा' हे शब्द शोधून प्रत्येक जागा तपासा. मुख्य प्रतीकाच्या परिच्छेदातून 'जणू' सरसकट जायला हवं. मग प्रतीकाच्या सातही जागा वेगळ्या कागदावर ओळीनं उतरवा आणि फक्त क्रियापदं वाचा: बांधली, सुटली नाही, टाळली, शिकली, सोडवत बसली, सगळं सोडून दिलं, बांधून तपासलं. क्रियापदांतूनच गोष्ट कळत असेल तर प्रतीक बसलं. दोन जागी तेच क्रियापद आलं असेल तर त्यातली एक जागा फालतू आहे.

गाठ दुसऱ्या कुणी सोडवते आहे का, हेही बघा. आज्जी, बाई, समुपदेशक यांनी शेजारी बसावं, हात सानिकाचाच असावा. पण याचा अर्थ मदत मागणं कमीपणाचं, असा होऊ देऊ नका. समुपदेशकाकडे जाणं हा साधा, घडणारा प्रसंग असू दे. काळाचं भान मात्र ठेवा: टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, त्यामुळे २०२० मधली सानिका तिथे फोन करू शकत नाही. १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक तेव्हाही होता. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मात्र दोन्ही क्रमांक छापा, मोठ्या अक्षरात.

शेवटी १३ ते १६ वयाच्या चार-पाच मुलांना वाचायला द्या, त्यातली निदान दोन पूर पाहिलेली असावीत. त्यांच्या पालकांना विषय आधी सांगा, आणि वाचन मध्येच सोडायची मोकळीक मुलांना द्या. 'गाठ म्हणजे काय' असं विचारू नका, तो शाळेचा प्रश्न झाला. पुस्तक कुठे मिटावंसं वाटलं आणि कुठल्या पानावर परत गेलात, एवढंच विचारा. मिटावंसं वाटलं ते पान पुरातलं असेल तर बहुधा ठीक आहे. ते जून २०२० चं असेल तर ते प्रकरण पुन्हा लिहा. आणि ती परत पहिल्या निरगाठीच्या पानावर गेली असतील, तर त्या पानाला आता हात लावू नका.